दस्तऐवज आणि त्याचा वाचक

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून मराठीत दस्तऐवजांच्या अभ्यासाची एक भक्कम परंपरा रुजली, आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाल्यावर तिला स्थैर्य लाभले. कागद अस्सल की बनावट, मोडीचे वळण कोणत्या काळातले, मायना कोणत्या दर्जाच्या गृहस्थास लिहिला जाई, शिक्का कोठे आणि मोर्तब कोठे, हे ठरविण्याचे जे शास्त्र या मंडळींनी दारोदार दप्तरे धुंडाळून उभे केले, त्याला तोड नाही. माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा ‘फारसी-मराठी कोश’ हे त्याच परिश्रमांचे एक फळ होय. परंतु या साऱ्या उद्योगाचे लक्ष्य राजकीय इतिहास हे होते. ज्या रयतेच्या हाती तो कागद पडला तिने तो कोणाकडून वाचून घेतला, आणि ऐकून तिच्या मनात भरवसा उपजला की धास्ती, हा प्रश्न त्या विद्वानांना पडला नाही, त्यांच्या वारसदारांनाही फारसा पडलेला नाही, आणि या विद्येच्या आजच्या स्थितीतले हे मोठे वैगुण्य आहे असे मी समजतो.

दुसरा प्रवाह कोशकारांचा. शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोशा’पासून निघालेला हा प्रवाह १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयापर्यंत, १९६२ च्या ‘पदनाम कोशा’पर्यंत आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमापर्यंत येऊन पोहोचतो. शब्द संस्कृत असावा की रुळलेला फारसी असावा, यावर आपल्याकडे हिरिरीने वाद झाले. परंतु त्या वादाचे दोन्ही पक्ष लिहिणाऱ्याच्या मेजाशी बसलेले होते, मेजाच्या पलीकडे उभ्या असलेल्या अर्जदाराच्या बाजूला कोणी जाऊन बसले नाही.

हे वैगुण्य मराठवाड्याइतके अन्यत्र क्वचितच जाणवत असेल. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरसारख्या केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या तालुक्यात जुन्या घराण्याची ट्रंक उघडली, तर निजामाच्या अमदानीतला इनामाचा उर्दू मुंतखब, पटवाऱ्याने मोडीत लिहिलेली पावती, १९५४-५५ च्या खासरापत्रकाची नक्कल आणि परवा काढलेला संगणकीय सातबारा हे एकाच फडक्यात बांधलेले सापडावेत, इतकी येथील राजवटींची उलथापालथ दाट आहे. त्या जुन्या कागदावर साल फसली असते, महिना आजूर किंवा बहमन असा इराणी असतो. १३४० फसली म्हणजे इसवी सनाचे १९३०-३१, हा हिशेब घरातल्या थोरल्या माणसाबरोबर लोपला की कागद उरतो, पण त्याची तारीख उरत नाही. लातूर जिल्ह्यातील निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखा फारसी, उर्दू, मराठी या तिन्हींत सहज वावरणारा, हैदराबादच्या मुलकी सेवेत राहून गोंडी आणि कोलामी बोलींचाही अभ्यास करणारा अधिकारी आपल्याला लाभला होता. परंतु त्यांची परंपरा पुढे चालविणारी अध्यासने आपण निर्माण केली नाहीत.

असा पडून राहिलेला कागद दस्तऐवज केव्हा ठरतो? फ्रेंच ग्रंथपाल सुझान ब्रिए यांनी १९५१ साली असे प्रतिपादन केले की रानात हिंडणारे हरीण हा दस्तऐवज नव्हे, मात्र तेच प्राणिसंग्रहालयात आणून त्याची नोंद आणि वर्गवारी झाली की ते दस्तऐवज ठरते. या विधानाचा पडताळा मराठवाड्याने २०२३ साली घेतला. मराठा समाजाला कुणबी प्रमाणपत्रे देण्याची कार्यपद्धती ठरविण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामाच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि तहसिलाच्या अभिलेख कक्षात वर्षानुवर्षे अस्पर्श पडलेली कोतवाल बुकातील एखादी ओळ एकाएकी घराण्याच्या भवितव्याचा आधार ठरली. ओळ तीच होती, शाई तीच होती. तिच्याकडे पाहणारा डोळा नवा होता. त्या काळात मोडी वाचणाऱ्यांची जी चणचण भासली, तीत आपल्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांची परीक्षाच झाली.

सातबाराही जवळून पाहण्याजोगा आहे. शेतकरी एकर-गुंठ्यांत बोलतो, उतारा हेक्टर-आरमध्ये लिहितो. नाव वगळले गेले की ते पुसले जात नाही, त्याभोवती कंस पडतो. म्हणून अनुभवी माणूस उतारा हाती येताच प्रथम आपले नाव कंसात आहे काय हे पाहतो, मग ‘इतर अधिकार’ या रकान्यात बँकेचा बोजा शोधतो, आणि शेवटी फेरफार क्रमांकांवर येतो. वाचनाचा हा क्रम कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. तो सेतू केंद्राबाहेर, दस्तलेखकाच्या टेबलाशी, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून शिकला जातो. आणि माझ्या मते मराठीतील आजचे सर्वांत जिवंत वाचनशास्त्र हेच आहे.

सरकारी कागद वाचकाच्या बाजूने तपासण्याच्या दिशेने स्पॅनिश भाषाशास्त्राने आपल्याहून पुष्कळ मजल मारली आहे. स्पेनमध्ये १९९० साली प्रशासकीय भाषेची शैलीपुस्तिका निघाली. मेक्सिको सरकारने २००४ मध्ये ‘नागरिकांची भाषा’ या नावाचा उपक्रम हाती घेतला. आणि स्पेनच्या न्यायिक भाषा आधुनिकीकरण आयोगाने २०११ मध्ये अहवाल दिला, तेव्हा त्यासाठी बार्सिलोना विद्यापीठाच्या एस्त्रेया मोंतोलिओ यांच्या नेतृत्वाखाली न्यायालयीन कागदांची प्रत्यक्ष चिकित्सा झाली. संपूर्ण परिच्छेदभर लांबलेले एकच वाक्य हा दोष त्यांनी पुराव्यासह दाखविला, आणि तो आपल्या शासन निर्णयांतही जसाच्या तसा आढळतो. तथापि या संशोधनातही मजकुराची छाननी अधिक आणि वाचकाची विचारपूस कमी, हे सांगितले पाहिजे. अँडीज पर्वतातील केचुआभाषकाला स्पॅनिश कागद जसा परका वाटतो, तसाच किनवटच्या तांड्यावरील गोरमाटी बोलणाऱ्याला अथवा देगलूरच्या तेलुगू घरातील वृद्धेला मराठी कागद वाटत असणार. हा धागा त्यांनी आणि आपणही अधिक नेटाने उचलावयास हवा.

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून उभे आहे, आणि भाषा, इतिहास व ग्रंथालयशास्त्र यांच्या अभ्यासकांना त्याच्या परिसरातच हे क्षेत्र उपलब्ध आहे. त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी आरंभ फेरफाराच्या नोटिशीपासून करावा. ती मिळाल्यावर हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते, आणि नोटीस न उमगल्यामुळे मुदत निघून गेली तर मागाहून अपिलाचे हेलपाटे पडतात. ती नोटीस घेऊन अर्धापूरच्या दहा घरी बसावे, ती घरच्यांकडून वाचून घ्यावी, कोठे अडखळतात ते टिपावे, आणि ते टिपण तहसीलदारांसमोर ठेवावे.