होट्टलच्या भिंती आणि पाथरवटाची टाकी

देगलूर तालुक्यातल्या होट्टलला जाणारे बहुतेकजण सुरसुंदरी बघायला जातात. सिद्धेश्वर मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवरच्या त्या मूर्तींसमोरून पाय निघत नाही, हे खरंच आहे. पण कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातल्या कारागिरांची खरी करामत मला भिंतीत दिसते. काळा बसाल्ट असा घडवायचा, की चुन्यावाचून एक दगड दुसऱ्यावर बसावा आणि वरच्याच्या वजनाने खालचा जागेवर राहावा. एकाला खोबण, दुसऱ्याला तिच्यात शिरणारा कुसू. छतही तसंच, एकेक थर थोडा पुढे सरकवत मिटवत आणलेलं. आपल्या मूर्तिअभ्यासाची परंपरा मोठी आहे, गो. बं. देगलूरकरांनी मराठवाड्यातल्या मंदिरांचा अभ्यास कुठवर नेला, ते वाचकांना माहीत आहे. या जोडकामाकडे मात्र फार थोड्यांनी पाहिलं.

मंदिर ओस पडलं की आधी तेच जातं. भिंतीला आतबाहेर घडीव दगड असतो आणि मध्ये माती-दगडांचा भराव. शिखरावर पिंपळ रुजतो, मुळांच्या वाटेने पावसाचं पाणी भरावात उतरतं, ओली माती फुगते आणि बाहेरचा थर पुढे ढकलला जातो. मूर्तीच्या दागिन्यांची धार शाबूत आणि तिच्यामागची भिंत पोट सुटलेली, असं दृश्य नांदेड-लातूरच्या गावागावांत दिसतं. त्यात गुप्तधनासाठी गाभारे खणणारे. मग सुटे दगड घराच्या जोत्यात, बारवेच्या पायऱ्यांत जातात. याचा मला राग येत नाही. तिथे निदान दगडाला काम मिळालं. राग येतो तो मूर्तीवर फासलेल्या ऑइल पेंटचा आणि घडीव सांध्यांत कोंबलेल्या सिमेंटचा. एकदा सिमेंट भरलं की तो सांधा पुन्हा वाचता येत नाही.

जे उचलून नेता येतं ते वाचतं. जुन्या गोव्यातलं सेंट ऑगस्टिनचं चर्च 1835 मध्ये सोडून दिलं गेलं, 1842 मध्ये त्याचं छत कोसळलं, 1931 मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. घंटा मात्र पणजीच्या चर्चमध्ये आजही वाजते. वसईच्या मोहिमेनंतर आलेली 1707 सालची पोर्तुगीज घंटा वाईजवळ मेणवलीत आहे. कंधारला क्षेत्रपालाच्या अजस्र मूर्तीचे तुटके अवयव तरी पाहायला मिळतात. कमानीचं किंवा छताचं गणित असं उचलून ठेवता येत नाही.

म्हणून होट्टलचं काम मला मोलाचं वाटतं. राज्याच्या पुरातत्त्व विभागाने ढासळलेलं मंदिर पुन्हा उभं करताना भिंत ही जपायची गोष्ट मानली. अशा कामात प्रत्येक दगडाचं घर शोधावं लागतं, आणि त्याचा पत्ता खोबणीतच असतो. पण नोंदींवर सगळं अवलंबून असतं. कंबोडियातलं बाफुऑन मंदिर दुरुस्तीसाठी उतरवलं, सुमारे 3 लाख दगड रानात मांडले, आणि यादवीत त्यांची कागदपत्रं नष्ट झाली. काम 1995 मध्ये पुन्हा सुरू झालं, ते 2011 मध्ये संपलं. होट्टलच्या दुरुस्तीचे नकाशे आणि छायाचित्रं देगलूरच्या कुठल्याही वाचकाला मागताक्षणी मिळावीत, एवढी माझी मागणी आहे.

लातूरची गोष्ट जास्त दुखरी आहे. निलंग्याच्या नीलकंठेश्वराचे तीन गाभारे पूजेत आहेत, त्यामुळे ते मंदिर एकटं पडलेलं नाही. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने सुमारे 8 हजार माणसं नेली, 52 गावं नव्या जागी वसवावी लागली, आणि लोकांचा दगडावरचा विश्वास उडाला. तो का उडू नये? आपलीच भिंत अंगावर आली होती. मात्र ती भिंत अनघड दगडांची, मातीत रचलेली, वर माळवदाचं ओझं. आतबाहेरच्या थरांना आरपार बांधणारा दगडच तिच्यात बहुधा नसायचा. दोष त्या रचनेचा होता, पण दगडाचं कामच गेलं. गवंडी विटा आणि आरसीसीकडे वळले. पाथरवट काही काळ पाटे-वरवंटे घडवून आणि जाती टाकवून जगले. मिक्सर आणि गिरणीने तेही संपवलं.

त्यामुळे आज एखादी पडकी भिंत उभी करायला निधी मिळाला तरी टाकी धरणारा हात कुठून आणायचा, हा प्रश्न आहे. दुरुस्तीच्या निविदेत पाथरवटाचं वेगळं कलम हवं, त्याच्या हाताखाली गावातली दोन पोरं पगारावर हवीत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आणि लातूरच्या तंत्रनिकेतनाने पोरांना होट्टल, मुखेड, निलंग्याला न्यावं आणि मूर्तींच्या फोटोंआधी त्यांच्याकडून खोबणींची मापं काढून घ्यावीत: खोली, रुंदी, कुसवाचा उतार, टाकीच्या घावांची दिशा.