जलचक्राची अपुरी आकृती

जलचक्राची आकृती वहीत न काढता शाळा संपवलेला विद्यार्थी सापडणे कठीण. समुद्र, सूर्य, वाफेचे बाण, ढग, डोंगरावरचा पाऊस आणि पुन्हा समुद्राला मिळणारी नदी. आकृती सुबक आहे, चटकन लक्षातही राहते. परंतु ती जे सांगत नाही ते अधिक महत्त्वाचे आहे, असे आम्हांला वाटते.

पहिली उणीव मापाची. १६७४ साली पिएर पेरो या फ्रेंच गृहस्थांनी सेन नदीच्या उगमाकडील खोऱ्यात पडणारा पाऊस आणि नदीतून वाहणारे पाणी यांचा हिशेब मांडला. पाऊस सुमारे सहापट भरला. नदी वाहती ठेवण्यास पाऊस पुरून उरतो, हे त्यावरून दिसले. जलचक्राची कल्पना अशी मोजमापावर उभी राहिली. आपल्या आकृतीतले बाण मात्र बहुधा सारख्याच जाडीचे असतात. आजच्या ढोबळ अंदाजानुसार जमिनीवर दरवर्षी सुमारे १,१०,००० घन किलोमीटर पाऊस व हिम पडते. त्यापैकी सुमारे ४०,००० घन किलोमीटर पाणी समुद्रात परत जाते. उरलेले ७०,००० जमिनीवरूनच पुन्हा हवेत जाते आणि त्यातील मोठा भाग वनस्पतींच्या पानांवाटे जातो. मग आकृतीत झाड केवळ शोभेपुरते का?

दुसरी उणीव काळाची. हवेतील बाष्प सरासरी आठ-दहा दिवसांत खाली येते. खोल भूजल मात्र शेकडो, कधी हजारो वर्षे जमिनीत राहते. 'चक्र आहे ना, मग बोअरचे पाणी परत येईलच,' असे एखादा विद्यार्थी म्हणाला तर दोष त्याचा नव्हे, आकृतीचा आहे. महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसाल्ट खडकाचा. त्यात पाणी साठते ते भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या थरात. भरणीपेक्षा उपसा अधिक झाला की विहीर आटते. जलचक्र थांबलेले नसते, तरीही आटते.

तिसरी उणीव माणसाची. निरनिराळ्या देशांतील साडेचारशेहून अधिक आकृत्या तपासणारा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी अवघ्या १५ टक्के आकृत्यांत माणसाचा हस्तक्षेप दाखवलेला होता. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने २०२२ मध्ये नवी आकृती काढली. तीत धरणे, शेती, शहरे, उपसा हे सारे आहे. हा बदल स्वागतार्ह आहे. मात्र ती इतकी दाट आहे की फळ्यावर उतरवणे अवघड, आणि तीत आपला परिसर अर्थातच नाही.

आपल्याकडे उदाहरणांची वाण नाही. कोयनेचे पाणी स्वभावतः कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जायचे. त्यातील मोठा भाग वीजनिर्मितीसाठी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला वासिष्ठी नदीत उतरतो आणि अरबी समुद्राला मिळतो. माणसाने एक बाण उलटा फिरवला आहे. हे पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत कोठे दाखवायचे?

जुनी आकृती टाकून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. ती फळ्यावर काढून झाली की प्रत्येक बाणापाशी थांबून तीन प्रश्न विचारावेत: पाणी किती, किती काळ, आणि वाटेत कोण? मग मुलांना आपल्या गावाच्या विहिरीपासून सुरुवात करून नवी आकृती काढू द्यावी. ती कदाचित सुबक होणार नाही, पण त्यांची स्वतःची असेल.