मातेनें कोरलेली माता

साहित्यांत किंवा चित्रकलेंत माता आपणांस भेटते ती बहुधा पुत्राच्या दृष्टींतून. साने गुरुजींची 'श्यामची आई' (१९३५) अशीच घरोघर पोंचली. हॉलंडमध्यें रेम्ब्रांटनें १६२८ सालीं तळहाताहून लहान पत्र्यावर एका वृद्धेचें मुख कोरलें. ती त्याची आई, असें परंपरा सांगते. जर्मन चित्रकर्त्री केटे कोलविट्झ (१८६७–१९४५) हिच्या 'स्त्री व मृत बालक' (१९०३) या एचिंगमध्यें मात्र चित्रकार हीच माता आहे. या एका भेदानें, आमच्या मतें, मातृचित्राचा अर्थच पालटतो.

एचिंगमध्यें धातूच्या पत्र्यावर लेप देऊन सुईनें रेघा ओढतात. उघडा पडलेला धातु आम्ल खातें. त्या खांचांत शाई भरून कागदावर ठसा घेतात. मुरबाड-शहापूरकडील वृद्ध ठाकर स्त्रियांचें गोंदण ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस ही रेघ परकी वाटूं नये. ती वर बसत नाहीं, आंत शिरते.

चित्रांत एक विवस्त्र स्त्री मांडी घालून बसली आहे. निष्प्राण बालकास तिनें असें कवटाळिलें आहे, कीं तिचें मुख त्याच्या छातींत बुडून गेलें आहे. मुखच झांकलें, तर हें व्यक्तिचित्र कसें, अशी शंका कोणी घेईल. परंतु तो राठ गुडघा व ती मिठी हींच येथें मुखाचें काम करितात. अभिव्यक्तिवादी चित्रकारांचें ड्रेस्डेन येथील मंडळ १९०५ सालीं निघालें. त्यांत ती नव्हती. तरीही भावनेच्या भारानें आकार वांकविण्याची त्यांची रीत येथें आधींच दिसते.

आरशापुढें बसून, सात वर्षांच्या पेटरला हातांवर धरून तिनें हें रेखाटलें. श्रमानें ती कण्हूं लागली, तेव्हां चित्र फार सुंदर होईल असें म्हणून त्यानेंच तिला धीर दिला. तोच पेटर १९१४ च्या ऑक्टोबरांत बेल्जममधील रणांगणावर पडला. म्हणून या चित्रास भाकीत मानणें आम्हांस रुचत नाहीं. जिवंत मूल मांडीवर असतांही जें भय प्रत्येक आईच्या पोटांत दडलेलें असतें, तेंच तिनें निर्भयपणें उघड केलें.

आपण आईस नमस्कार करितों, तेव्हां दृष्टि तिच्या पायांवर असते. पूज्यभाव खोटा नव्हे. पण त्यानें तिचें भय व तिचा थकवा पाहावयाचा राहून जातो. हें चित्र आपली मान वर करावयास लावितें.