नवी कार्यप्रणाली कोणासाठी?

मालेगावातल्या एका शाळेत जुन्या संगणकांवर नवी कार्यप्रणाली बसवली गेली, तेव्हा आम्ही तिथे होतो. जुने सारे पुसून नवे बसवले होते. एका अंध विद्यार्थ्याने हेडफोन कानाला लावला, कळा दाबल्या आणि तो थांबला. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा 'स्क्रीन रीडर' पुन्हा बसवायचा राहिला होता. डोळस माणसाच्या लेखी ही किरकोळ चूक. त्याच्या लेखी संगणक बंदच होता.

या संदर्भात मायक्रोसॉफ्टची एक सवलत तपासून पाहण्याजोगी आहे. 'विंडोज १०' मोफत घेण्याची मुदत २९ जुलै २०१६ रोजी संपली. मात्र सहायक तंत्रज्ञान वापरणाऱ्यांना ती पुढेही मोफत मिळत राहिली. त्यासाठी अपंगत्वाचा दाखला मागितला नव्हता, वापरणाऱ्याचा शब्द पुरेसा होता. पावलोपावली दाखले मागणाऱ्या आपल्या कार्यालयांनी हे जरूर शिकावे.

पण सवलतीने फक्त किमतीचा प्रश्न सोडवला, आणि तोही जानेवारी २०१८ पर्यंतच. यंत्राच्या वयाचा प्रश्न तसाच राहिला. 'विंडोज १०'चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. 'विंडोज ११'ला किमान ४ जीबी स्मृती आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. अनेक जुन्या संगणकांत ती नसते. मग जुन्यावरच थांबावे का? तेही सोपे नाही. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेला 'एनव्हीडीए' हा मोफत स्क्रीन रीडर २०२४ च्या आवृत्तीपासून 'विंडोज ७'वर चालत नाही.

सगळा दोष कंपनीचा म्हणून आपल्याला मात्र सुटता येणार नाही. अनेक प्रश्नपत्रिका अजून जुन्या मराठी फाँटांत टंकलेल्या असतात. त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. डोळ्याला 'कमळ' दिसते. स्क्रीन रीडर आकार पाहत नाही, संकेत वाचतो, म्हणून कानावर रोमन अक्षरांची खिचडी पडते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या 'ई-स्पीक' या वाचायंत्रणेत मराठी आहे, आणि मालेगावात तितकीच गरजेची उर्दूही. आवाज तयार आहे; वाचण्याजोगा मजकूर आपणच देत नाही.

म्हणून शिक्षकांनी एक साधा प्रयोग करावा. नवी प्रणाली बसवण्याआधी एनव्हीडीएची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावी. बसवून झाल्यावर मॉनिटर बंद करावा, माउस बाजूला ठेवावा आणि आपणच केलेली प्रश्नपत्रिका केवळ कळफलकाने उघडून ऐकावी. पहिला प्रश्न कळला, तर काम झाले. न कळल्यास त्या विद्यार्थ्याला नापास करण्याआधी आपण आपली प्रश्नपत्रिका पुन्हा टंकावी.