नगराध्यक्षपदाचा इतिहास व त्याचीं साधनें

नगरपालिकांच्या स्मारकग्रंथांत नगराध्यक्षपदाचा इतिहास सांगण्याची एक ठराविक तऱ्हा पडून गेली आहे. आरंभीं पेठेच्या शेट्ये-महाजनांचा उल्लेख, मग अध्यक्षांची सचित्र नामावळी व शेवटीं झालेल्या कामांची यादी, एवढ्यावर लेखक समाधान मानतात. या पद्धतींत आम्हांस दोन दोष दिसतात.

पहिला दोष वंशावळीचा. शेटेपण व महाजनकी हीं वतनें होत. तीं वंशपरंपरेनें चालत, भाऊबंदांत वांटलीं जात, प्रसंगीं विकलींही जात. वाद पडल्यास मजहर होई. नगराध्यक्षाचें पद कायद्यानें निर्माण झालेलें व मुदतीचें आहे. १८५० च्या २६ व्या कायद्यान्वयें मुंबई इलाख्यांत नगरपालिका स्थापन होऊं लागल्या, तेव्हां बहुधा सरकारी अंमलदारच अध्यक्ष असे. लॉर्ड रिपनचा १८८२ चा ठराव व १८८४ चा कायदा यांनंतर लोकनियुक्तांस वाव मिळत गेला. १९६५ च्या महाराष्ट्र अधिनियमानंतरही निवड सभासदांनीं करावी कीं थेट मतदारांनीं, ही रीत वारंवार बदलली आहे. तेव्हां महाजनास नगराध्यक्षाचा पूर्वज ठरविणें म्हणजे एका वाड्यांत मागेंपुढें राहिलेल्या दोघां भाडेकऱ्यांस एका कुळाचे समजणें होय.

दुसरा दोष अधिक गंभीर. नामावळीवरून खुर्चीवर कोण बसला हें कळतें. त्या खुर्चीचें गांवांत चालत किती होतें हें कळत नाहीं. महाडचें उदाहरण घ्यावें. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदेमंडळानें श्री. बोले यांचा ठराव संमत केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुलें केलें. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांचें नांव या प्रकरणाशीं निगडित आहे. परंतु ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी तळ्यावर जाऊन पाणी प्याले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजीं त्याच नगरपालिकेनें आपला ठराव रद्द केला. पुढें वाद दिवाणी न्यायालयांत गेला. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें, बहिष्काराची रूढि अनादि असल्याचें सिद्ध होत नाहीं, असा निर्णय दिला. जें अध्यक्षाच्या सहीनें साधलें नाहीं, तें लोकांनीं पायीं चालत जाऊन केलें. हा सारा इतिहास नामावळींत कोठें दिसावा?

तो दिसतो ठरावांच्या बुकांत व खटल्याच्या कागदांत. आणि तींही एकमेकांशीं ताडून पाहिलीं तरच. केवळ १९२४ चा ठराव हातीं लागला असता, तर तळें त्याच वर्षीं खुलें झालें असें आम्हींही लिहिलें असतें.

यांत आम्हां संग्राहकांचाही दोष आहे. मजहर व सनदा यांस कसर लागूं नये म्हणून आपण झटतों, पण नगरपालिकेचीं जुनीं बुकें मात्र रद्दी समजतों. शंभर वर्षांचा कागद आतां जुनाच म्हटला पाहिजे. ज्यांस आपल्या गांवचें असें दप्तर पाहतां येईल, त्यांनीं ठरावांचीं तारीखवार टांचणें करावीं. संमत ठरावाशेजारीं रद्द झालेला ठरावही नोंदावा. नामावळी मागाहून सहज होईल.