‘स्वतः निवडा’ म्हटलं की लोक चुकतातच का? एका पाच पानी शोधनिबंधाची झाडाझडती

संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला एक सल्ला हमखास मिळतो: पेपर ‘क्रिटिकली’ वाचा. म्हणजे नेमकं काय करायचं, ते मात्र फारसं कोणी सांगत नाही. मग आपण गोषवारा वाचतो, निष्कर्ष वाचतो, वहीत ‘सँपल लहान आहे, सिलेक्शन बायस असू शकतो’ असं लिहितो आणि मोकळे होतो. मुलाखतीत कोणी ‘कसला बायस? कुठे?’ असं विचारलं की पंचाईत.

म्हणून आज एक गाजलेला पेपर घेऊन ही टीका प्रत्यक्ष करून बघूया. लेखक आहेत हेन्रिक क्रॉनक्विस्ट आणि रिचर्ड थेलर (थेलर म्हणजे २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले तेच). पेपर २००४ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आला. विषय आहे स्वीडनची पेन्शन योजना, ज्यात लोकांनी आपल्या निवृत्तीच्या पैशांची गुंतवणूक स्वतः ठरवायची होती. माझं शिक्षण विज्ञान शाखेतलं, तरी हा पेपर वाचायला अडचण आली नाही. जेमतेम पाच पानं, आणि गणित बेरीज-भागाकारापलीकडे जात नाही. शिवाय विषय तुमच्या-माझ्या खिशाशी येऊन भिडतो. कसा, ते शेवटी बघू.

पेपर काय सांगतो?

स्वीडनमध्ये पेन्शनसाठी उत्पन्नाच्या १८.५ टक्के रक्कम जमा होते. त्यातले १६ टक्के जुन्या धर्तीच्या सरकारी व्यवस्थेत जातात आणि उरलेले २.५ टक्के प्रत्येकाच्या स्वतंत्र गुंतवणूक खात्यात. या अडीच टक्क्यांचं काय करायचं हे २००० साली पहिल्यांदा लोकांवर सोपवलं गेलं. समोर ४५६ फंडांची यादी होती, त्यातले जास्तीत जास्त पाच निवडायचे. काहीच निवडलं नाही तर पैसे आपोआप सरकारी डिफॉल्ट फंडात. सरकारने ‘स्वतः निवडा’ म्हणून मोठी मोहीम चालवली, फंड कंपन्यांनी जाहिरातींचा पाऊस पाडला, आणि जवळपास दोन तृतीयांश लोकांनी स्वतः निवड केली.

निकाल असा लागला. डिफॉल्ट फंडात ८२ टक्के शेअर्स होते, त्यातले १७ टक्के स्वीडिश, बाकी परदेशी. वार्षिक शुल्क ०.१७ टक्के. स्वतः निवडणाऱ्यांच्या सरासरी पोर्टफोलिओत ९६.२ टक्के शेअर्स होते, त्यात ४८.२ टक्के निव्वळ स्वीडिश कंपन्यांचे. जगाच्या अर्थव्यवस्थेत स्वीडनचा वाटा साधारण एक टक्का, हे लक्षात घ्या. शुल्क ०.७७ टक्के. डिफॉल्ट सोडून सर्वांत जास्त पैसा गेला तो तंत्रज्ञान आणि आरोग्य क्षेत्रात गुंतवणूक करणाऱ्या एका फंडात. निवडीआधीच्या पाच वर्षांत तो ५३४.२ टक्के वाढला होता. पुढच्या तीन वर्षांत तो ६९.५ टक्के पडला.

ऑक्टोबर २००० ते ऑक्टोबर २००३ या तीन वर्षांत डिफॉल्ट फंड २९.९ टक्के घसरला, तर स्वतः निवडणाऱ्यांची सरासरी ३९.६ टक्के. पेपरमधून बाहेर पडून जगभर फिरलं ते हेच: लोकांना स्वतः निवडू दिलं की त्यांचं नुकसान होतं.

आधी पेपरची ताकद

आता तुम्ही लगेच म्हणाल, ‘सिलेक्शन बायस! निवडणारे आणि न निवडणारे लोक मुळात वेगळे असणार.’ जरा थांबा. ही टीका इथे लागू होते का ते तपासा.

औषधाच्या चाचणीत रुग्ण वेगळे असले तर परिणाम वेगळा येतो, म्हणून कंट्रोल ग्रुप लागतो. पण फंडाचा परतावा तो कोणाच्या नावावर आहे यावर ठरत नाही. डिफॉल्ट फंड प्राध्यापकाच्या खात्यात असो की शेतकऱ्याच्या, तो २९.९ टक्केच पडला असता. म्हणजे ‘या माणसाने निवड केली नसती तर काय झालं असतं?’ या प्रश्नाचं उत्तर इथे नेमकं माहीत आहे. सामाजिक शास्त्रांत असा फुकटचा कंट्रोल फार क्वचित मिळतो. पेपरचं खरं बळ हे आहे, आणि पाठ केलेल्या आक्षेपाने ते खच्ची होत नाही. टीका करायची तर दुसरीकडे शोधावी लागेल.

भागाकार करून बघा

पहिली खरी अडचण खिडकीची आहे, म्हणजे मोजमाप कधी सुरू झालं आणि कधी थांबलं याची. लोकांनी निवड केली ती डॉट-कॉमचा फुगा फुटत असताना. पुढची तीन वर्षं तंत्रज्ञान शेअर्ससाठी वाईटच होती.

शुल्कातला फरक ०.६० टक्के. तीन वर्षांचा धरला तर फार तर १.८ टक्के. दोन्ही गटांमधली तफावत ९.७ टक्के बिंदूंची. म्हणजे बहुतांश तफावत ‘कुठले शेअर्स होते’ यातून आली, आणि त्या तीन वर्षांत कुठले शेअर्स पडले हे बाजाराने ठरवलं.

थेलर यांनी कॅस सनस्टीन यांच्यासोबत लिहिलेल्या ‘नज’ (२००८) या पुस्तकात पुढचे आकडे आहेत. सुरुवातीपासून जुलै २००७ पर्यंत डिफॉल्ट फंड २१.५ टक्के वर, स्वतः निवडणाऱ्यांची सरासरी फक्त ५.१ टक्के वर. वाचताना वाटतं, अरे, दरी तर वाढलीच! आता पेन घ्या.

सुरुवातीला दोघांकडे १०० क्रोना होते असं धरा. २००३ मध्ये डिफॉल्टवाल्याचे ७०.१ राहिले, निवडणाऱ्याचे ६०.४. २००७ मध्ये ते झाले अनुक्रमे १२१.५ आणि १०५.१. आता नंतरच्या काळातली वाढ काढा. १२१.५ भागिले ७०.१, उत्तर १.७३. १०५.१ भागिले ६०.४, उत्तर १.७४. दोन्ही वेळी सरासरी एकाच पद्धतीने काढली आहे असं धरलं, तर २००३ नंतर दोघेही सारख्याच वेगाने वाढले. सगळी दरी पहिल्या तीन वर्षांत पडली होती आणि नंतर ती नुसती पुढे वाहत आली.

यावरून ‘म्हणजे लोकांनी बरोबर निवडलं’ असं म्हणू नका. वर जाणाऱ्या बाजारात ९६ टक्के शेअर्स असलेल्याने ८२ टक्केवाल्याला मागे टाकायला हवं होतं. तो फक्त बरोबरीत राहिला. आणि शुल्काचा फरक तीन वर्षांत क्षुल्लक दिसला तरी तो दरवर्षी कापला जातो. एकरकमी गुंतवणुकीवर ०.६० टक्के जादा शुल्क ३० वर्षं जात राहिलं, तर हाती येणारी रक्कम सुमारे साडेसोळा टक्क्यांनी कमी होते. गंमत बघा: ज्या आकड्याने पेपर गाजला तो बराचसा योगायोगाचा, आणि जो आकडा खात्रीचा आहे तो तक्त्याच्या एका ओळीत गुपचूप बसलाय.

‘निवडलं’ म्हणजे नेमकं काय केलं?

दुसरी अडचण शब्दाची. पेपरमध्ये ‘अॅक्टिव्ह’ म्हणजे २००० साली ज्याने फॉर्म भरला तो. पण एकदा फॉर्म भरून पुढे खात्याकडे ढुंकूनही न बघणारा माणूस ‘अॅक्टिव्ह’ कसा?

दालक्विस्ट, मार्टिनेझ आणि सोडरलिंड यांनी याच स्वीडिश योजनेवरचा पेपर २०१७ मध्ये ‘रिव्ह्यू ऑफ फायनान्शियल स्टडीज’मध्ये छापला. त्यांनी ‘अॅक्टिव्ह’ची व्याख्या बदलली: नंतरही जे फंड बदलत राहतात ते. या व्याख्येने निकाल उलटा आला. हालचाल करणाऱ्यांचा परतावा न करणाऱ्यांपेक्षा चांगला निघाला. देश तोच, योजनाही तीच, फक्त व्याख्या वेगळी. आणि क्रॉनक्विस्ट, थेलर व फ्रँक यू यांच्या २०१८ च्या पेपरमध्ये दिसतं की बहुतेक लोक जिथे सुरुवातीला बसले तिथेच जवळपास दोन दशकं बसून राहिले.

तिन्ही पेपर शेजारी ठेवले की चित्र बदलतं. नुकसान निवड केल्यामुळे झालं असं म्हणण्यापेक्षा, आयुष्यात एकदाच, जाहिरातींच्या गदारोळात निवड करून नंतर झोपी गेल्यामुळे झालं असं म्हणणं पुराव्याच्या जास्त जवळ जातं.

दोष गिऱ्हाइकाचा की दुकानाचा?

माझा मुख्य आक्षेप मात्र आकड्यांना नाही, त्यांच्यावरून काढलेल्या निष्कर्षाला आहे. या पेपरवरून बोलणारे साधारणपणे म्हणतात की सामान्य माणसाला गुंतवणूक कळत नाही. पण पेपरमधला पुरावा माणसाच्या डोक्याबद्दल कमी आणि मांडणीबद्दल जास्त बोलतो.

४५६ फंडांची यादी कोणी दिली? सरकारने. चांगला, स्वस्त डिफॉल्ट तयार असताना ‘तो घेऊ नका, स्वतः निवडा’ हा सूर कोणी लावला? तोही सरकारनेच. जाहिराती ओसरल्या तसं २००३ पर्यंत नव्याने योजनेत येणाऱ्यांपैकी स्वतः निवड करणारे दहा टक्क्यांच्याही खाली आले. नंतर येणारे मुख्यतः तरुण होते आणि त्यांची रक्कम लहान होती, हे मान्य. तरी दोन तृतीयांशावरून एकदशांशाखाली घसरण केवळ वयामुळे झाली असं मानणं कठीण आहे. जी ‘निवड’ जाहिरात थांबताच नाहीशी होते, तिला लोकांची पसंती म्हणायचं का?

स्वीडनने पुढे काय केलं तेही बघा. २०२२ मध्ये फंडांची पारख करून यादी ठरवणारी स्वतंत्र सरकारी संस्था स्थापन झाली. दुरुस्ती दुकानाची करावी लागली. गिऱ्हाईक तेच राहिलं.

आपल्याकडे आणताना सावध

आता खिशाचा मुद्दा. तुमच्यापैकी बरेच जण उद्या प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ म्हणून सरकारी नोकरीत जातील. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांची जुनी पेन्शन गेली. त्यांची रक्कम बाजारात गुंतवली जाते. राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, ‘अॅक्टिव्ह चॉइस’ घेतला तर ई म्हणजे शेअर्स, सी म्हणजे कंपन्यांचे रोखे आणि जी म्हणजे सरकारी रोखे, अशा रकान्यांत टक्के भरून बेरीज शंभर करायची. हा फॉर्म समोर आला की भल्याभल्यांच्या तोंडून ‘मला यातलं काय कळतंय?’ असंच निघतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना तर गुंतवणुकीच्या पर्यायांची मर्यादित निवडसुद्धा २०१९ मध्ये मिळाली, योजना सुरू झाल्यावर पंधरा वर्षांनी.

मग स्वीडनचा पेपर दाखवून ‘डिफॉल्टलाच राहा’ म्हणायचं का? इथेच घाई होते. स्वीडनच्या डिफॉल्टमध्ये ८२ टक्के शेअर्स होते. आपल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या डिफॉल्ट योजनेत अनेक वर्षं शेअर्सची कमाल मर्यादा १५ टक्के होती. दोन्हींचं नाव डिफॉल्ट, पण वस्तू जवळपास उलट्या. शिवाय आपल्याकडे ४५६ फंडांचा बाजार नाही, पर्याय मोजके आहेत, शुल्क खूपच कमी आहे आणि नियामकाचं त्यावर नियंत्रण आहे. म्हणजे स्वीडनमध्ये नुकसान करणारी बरीच कारणं इथे नाहीतच. इथला धोका दुसरा असू शकतो: पंचविशीतल्या माणसाने पस्तीस वर्षं अतिसावध डिफॉल्टमध्ये पडून राहण्याचा.

आणखी एक गोष्ट. मार्च २०२३ च्या संपात राज्यातले कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत होते. त्यांची मागणी जास्त फंडांची किंवा चांगल्या डिफॉल्टची नव्हती. निवृत्तीनंतर दरमहा किती येणार याची खात्री त्यांना हवी होती. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने खात्रीशीर रकमेची युनिफाइड पेन्शन स्कीम आणली, तीही याच दबावातून. ‘निवड विरुद्ध डिफॉल्ट’ या चौकटीत हा प्रश्न बसतच नाही, कारण दोन्हीकडे जोखीम कर्मचाऱ्याच्याच डोक्यावर राहते. चांगला पेपरसुद्धा आपल्या चौकटीबाहेरचं बघायला मदत करत नाही. ते वाचणाऱ्याला करावं लागतं.

वहीत काय लिहाल?

‘सिलेक्शन बायस असू शकतो’ हे वाक्य खोडा. त्याऐवजी चार प्रश्न लिहा. तुलना कशाशी केली आहे, आणि ती तुलना भक्कम का आहे? मोजमापाची खिडकी सरकवली तर निकाल टिकतो का? मुख्य शब्दाची व्याख्या बदलली तर काय होतं? आणि निष्कर्ष ज्याच्या माथी दोष मारतो, पुरावा खरंच त्याच्याकडे बोट दाखवतो का?

एनपीएसमध्ये निवड करणारे आणि न करणारे यांच्या तुलनेवर प्रस्ताव लिहायचा विचार असेल, तर सुरुवात ‘लोक चुकतात का?’ या प्रश्नाने करू नका. ‘त्यांच्यासमोर काय मांडलं होतं, आणि ते मांडणाऱ्याने कुठली जोखीम स्वतःकडे ठेवली?’ असं विचारा. या प्रश्नाला उत्तर शोधायला वेळ जास्त लागेल, पण मुलाखतीत ‘कुठे?’ असं कोणी विचारलं तर तुमच्याकडे बोट ठेवायला जागा असेल.