हाताची कळ की इलेक्ट्रॉनिक कळ?

हौशी रेडिओच्या वर्तुळात एक मत वारंवार ऐकू येते : मोर्स शिकावी ती साध्या हाताच्या कळीवरच, इलेक्ट्रॉनिक कळ ही पळवाट आहे. हे मत आपण तपासून पाहू.

मोर्स लिपीत टिंब हे वेळेचे एकक. रेघ तीन एककांची. अक्षरातील खुणांमध्ये एक, दोन अक्षरांमध्ये तीन आणि दोन शब्दांमध्ये सात एककांची विश्रांती. साध्या कळीवर ही सारी मापे हातालाच सांभाळावी लागतात. इलेक्ट्रॉनिक कळीला दोन पाती असतात. एक पाते दाबून धरले की टिंबांची माळ सुरू होते, दुसरे दाबले की रेघांची. त्यांची लांबी मंडल ठरवते.

वेग मोजण्यासाठी प्रमाण मानलेला 'पॅरिस' हा शब्द घेऊ. रोमन लिपीतील त्याची पाच अक्षरे आणि शब्दानंतरची विश्रांती मिळून बरोबर ५० एकके होतात. हा शब्द पाठवताना साधी कळ १४ वेळा दाबावी लागते; दोन पात्यांवर १० वेळा दाबून भागते. मिनिटाला २० शब्दांच्या वेगाने हा हिशेब २८० विरुद्ध २०० असा होतो. तारयंत्रावर दिवसभर काम करणाऱ्यांचे हात दुखावत. त्यावर उतारा म्हणून आपोआप टिंबे देणाऱ्या यांत्रिक कळीचे पेटंट अमेरिकेत होरेस मार्टिन यांना १९०४ साली मिळाले. म्हणजे यंत्राची मदत जुनीच आहे. तिला पळवाट म्हणणे बरोबर नाही.

पण या मदतीला मर्यादाही आहे. त्या ५० एककांपैकी अक्षरांच्या आतली ३१ मंडल सांभाळते. अक्षरांमधली १२ आणि शब्दानंतरची ७, अशी १९ एकके साध्या इलेक्ट्रॉनिक कळीवरही पाठवणाऱ्याच्याच हाती राहतात. अक्षरे एकमेकांना चिकटली, तर टिंबे कितीही रेखीव असली तरी ऐकणारा गोंधळतोच.

म्हणून शाळेसाठी आम्ही साधी कळच सुचवू, पण परंपरेखातर नव्हे. मिनिटाला १२ शब्दांच्या वेगाने टिंब ०.१ सेकंदाचे असते. विद्यार्थ्यांनी आपले संदेश ध्वनिमुद्रित करून रेघ टिंबाच्या किती पट आली ते संगणकावर मोजावे. हाताची चूक तिथे दिसते. इलेक्ट्रॉनिक कळ ती झाकते. विश्रांतीचे माप एकदा अंगी बाणले, की लांबलचक संभाषणासाठी पाती खुशाल वापरावीत.